पहिली-चौथीच्या गणितासाठी एम.ए. कशाला?

प्राथमिक शिक्षकांनी गणित कसं शिकवावं याचं उच्च शिक्षण घ्यावं का, या चर्चेत "पाढे शिकवायला एम.ए. कशाला?" असं एकांनी विचारलंय. मीही पूर्वी हेच म्हणायचे. मग एका प्रशिक्षणात आम्हा प्राथमिक शिक्षकांना सांगितलं, पावणेदोन भागिले अर्धा यावर शाब्दिक उदाहरण तयार करा. साडेतीन हे उत्तर सगळ्यांचं आलं, 'उलटा करून गुणा' पाठच असतं. उदाहरणं मात्र बहुतेकांची 'पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या' अशी. अहो, हा तर दोनने भागाकार! पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने किती वेळा मोजायचं, हे मला फार उशिरा सुचलं.

हे एम.एस्सी. गणिताने येत नाही. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिणारं मूल एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करत असतं. ते ओळखणं हा गणितशिक्षणाचा वेगळा अभ्यास आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात त्यात पीएच.डी. करता येते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षणशास्त्राचं एम.ए. आहे. खरी अडचण रजेची आहे. घर आणि हप्ते सांभाळून दोन वर्षं पूर्णवेळ शिकणं किती जणींना जमणार? पगारी अभ्यासरजेची मागणी आपण शिक्षक संघटनांकडे लावून धरायला हवी.