नवी स्पोर्ट्स बाइक आणि कोकणातले पहिले काही महिने : अनुभव मांडावेत

रत्नागिरी (धागाकर्ता)

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, येत्या दसऱ्याला, मी यामाहा आर-१५ घरी आणणार आहे. तरुणपणी वडिलांची आरएक्स-१०० चालवली होती आणि त्यानंतरची सगळी वर्षे स्कूटरवर गेली. आईच्या मते हे खूळ आहे. बायकोच्या मतेही ते खूळच आहे, परंतु हप्ते माझे मीच भरणार असल्याने तिची हरकत नाही. गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न सुटला असल्यामुळे त्यावर चर्चा नको. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आणि नंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आपण कोणती तयारी केली, काय चुकले आणि काय आधी कळायला हवे होते, एवढेच सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. पण गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) आठ फुटी वाटेत गाडी कशी वळवायची आणि सलग चार महिने पाऊस पडत असताना ती कशी सांभाळायची, हे त्यांत कोणी सांगत नाही.

माझी तयारी अशी. या गाडीच्या सीटची उंची ८१५ मिलिमीटर आहे. पडवीतल्या बाकावर पाट रचून मी तेवढी उंची केली आणि वर बसून पाहिले. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा मात्र अधांतरी राहतात. खरी सीट बाकापेक्षा अरुंद असल्याने प्रत्यक्षात थोडी सवलत मिळेल. मोठी अडचण अंगणात निघाली. एका मित्राची हीच गाडी घरी आणून पाहिली, तेव्हा स्कूटर जिथे एका दमात वळते तिथे या गाडीला तीनदा पुढे-मागे करावे लागले, कारण हिचे हँडल फारच कमी वळते. त्यात बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, चढ आणि चढावर सुटे चिरे. शेवटी गवंड्याला बोलावून तेवढ्या भागाला खरबरीत काँक्रीट करून घेतले. गाडी येण्यापूर्वीच तिच्यावर झालेला हा पहिला खर्च.

चिपळूण

मी ताबा घेतानाच्या गोष्टींपासून सुरुवात करतो. शोरूममध्ये हार-पेढे सुरू होण्यापूर्वी गाडीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदांवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावा. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात; पहिले दोन आठवडा दाखवतात आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या गाडीचा मागचा टायर पुढच्यापेक्षा दीड वर्षाने जुना निघाला. मी ताबा नाकारल्यावर तो चार दिवसांत बदलून मिळाला. मुहूर्त टळला म्हणून घरचे मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हते.

खरा मुद्दा विम्याचा आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी गाडी टाकीपर्यंत बुडाली, तेव्हा ती जेमतेम नऊ आठवड्यांची होती. पाणी ओसरल्यावर स्टार्टरचे बटण दाबण्याचा मोह फार होतो, तो आवरावा. इंजिनात पाणी शिरलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टनचा सगळा जोर त्याला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर येतो. आमच्या आळीतल्या एकाने बटण दाबले आणि त्याचा रॉड वाकला. मी गाडी टेम्पोत घालून नेली, प्लग काढून पाणी बाहेर काढले, ऑइल दोनदा बदलले आणि ती सुरू झाली. फेअरिंगच्या (गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) आतला चिखल धुण्यात मात्र दोन पूर्ण दिवस गेले. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, परंतु तो आपल्या गाडीच्या नुकसानासाठी नसतो. स्वतःच्या गाडीचा विमा घेताना इंजिनात पाणी शिरल्याने होणारे नुकसान त्यात धरले आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचावे. शोरूममधल्या माणसाने मला 'सगळे कव्हर आहे' असे सांगितले होते. तसे ते नव्हते.

हर्णै

आमचे घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मी फक्त खाऱ्या हवेबद्दल लिहिणार आहे. नव्या गाडीचा पहिला पावसाळा यायच्या आतच ब्रेकच्या डिस्कच्या बोल्टांवर पांढरी भुकटी दिसू लागली आणि महिनाभरात तिच्याखाली तांबूस डाग उमटले. डिस्कवर रात्रीत चढलेला हलका गंज पाहून घाबरू नये. चार-दोन वेळा ब्रेक लावले की तो पुसला जातो. काळजी घ्यायची ती पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या, चकचकीत नळ्यांची. त्यांच्यावर मीठ साचून बारीक खड्डे पडले की दर हेलकाव्याला ऑइल सील घासले जाते आणि फोर्कमधून तेल गळू लागते. मी रोज संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने त्या नळ्या पुसतो. दोन मिनिटांचे काम आहे.

चेनच्या बाबतीत मी सुरुवातीला चूक केली. नव्या गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या सांध्यांत बारीक रबरी रिंगा असतात आणि त्यांच्या आत कंपनीने भरलेले ग्रीस असते. जुन्या सवयीने मी पेट्रोल आणि तारेचा ब्रश घेऊन चेन लख्ख केली. रिंगा फाटल्या, आतले ग्रीस गेले आणि सहा हजार किलोमीटरच्या आत चेनसेट बदलावा लागला. आता रॉकेल किंवा चेन क्लीनर मऊ ब्रशाने लावतो, कोरडे पुसतो आणि फेरी मारून आल्यावर चेन कोमट असतानाच आतल्या बाजूने ल्यूब मारतो. हे करताना इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवायचे. गाडी गिअरमध्ये सुरू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटे स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) गेल्याची उदाहरणे आहेत. सर्वसाधारणपणे ५०० किलोमीटरला ल्यूब पुरते; आमच्याकडे मी ३०० लाच करतो आणि पावसात भिजून आल्यावर तर लगेच.

गाडी वाळूवर नेऊ नये. चाकरमानी पोरे फोटोंसाठी ओल्या वाळूत गाड्या घालतात आणि मग त्या ढकलायला आम्हालाच हाका येतात.

लांजा

रनिंग-इनविषयी, म्हणजे नवे इंजिन रुळेपर्यंत गाडी कशी चालवावी याविषयी, एक गैरसमज सर्रास आढळतो, तो म्हणजे पहिले हजार किलोमीटर गाडी अगदी हळू चालवायची. पुस्तिकेत मर्यादा इंजिनाच्या फेऱ्यांची दिलेली असते आणि ती पाळण्यासाठी लोक वरचा गिअर टाकून गाडी रखडवतात. आंबा घाट चढताना मी नेमके तेच केले. चौथ्या गिअरमध्ये इंजिन धडधडत होते आणि मी मात्र काटा खाली आहे म्हणून समाधानात होतो. मागून आलेल्या एका वयस्कर मेकॅनिकने एका टपरीवर मला शांतपणे समजावले की चढावर इंजिनाला असे राबवणे हे फेऱ्या थोड्या वाढण्यापेक्षा वाईट असते. खालचा गिअर घ्यावा, थ्रॉटल अर्धाच ठेवावा आणि एकाच वेगाने तासभर जाऊ नये. हायवेपेक्षा आमचे वळणावळणाचे रस्ते या कामाला उत्तम आहेत. पहिली सर्व्हिस मुळीच लांबवू नये. नव्या इंजिनात घासून निघालेले धातूचे बारीक कण त्या ऑइलबरोबरच बाहेर पडतात.

दापोली

माझी उंची पाच फूट एक इंच आहे, तेव्हा धागाकर्त्यांच्या टाचांची चिंता मला नीट समजते. उभ्या जागी गाडी आडवी होणार, हे आधीच मान्य करून मी ती उचलण्याचा सराव केला. इंजिन बंद करायचे, गिअर टाकायचा, गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, मग गाडीकडे पाठ करून बसायचे आणि कंबरेने नव्हे, पायांच्या जोराने मागे मागे सरत ती उभी करायची. भावाने अंगणात जुनी गादी टाकली आणि गाडी तिच्यावर आडवी केली. शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या आणि त्यांना आम्ही वेडेच वाटलो असणार. पुढे केळशीच्या रस्त्यावर एस.टी.ला वाट देताना गाडी खरोखरच पडली, तेव्हा ती मी एकटीने उचलली.

दुसरी गोष्ट मनगटांची. पुढे वाकून बसल्यामुळे सगळा भार हातांवर येतो आणि पंचवीस किलोमीटरमध्ये बोटे बधिर होतात. टाकी मांड्यांनी घट्ट धरली आणि पोट-पाठीचे स्नायू वापरले की कोपरे सैल राहतात. हे जमायला मला दीड महिना लागला.

वेंगुर्ले

माझा अनुभव आठव्या दिवसाचा आहे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्यावर विसंबू नये, हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते मासळीच्या गाड्यांचे. त्यांतून गळणारे बर्फाचे खारे पाणी वळणावर सांडते, सकाळच्या सावलीत ते दिसत नाही आणि तेलासारखे निसरडे असते. पुढचा ब्रेक मी वळणातच दाबला. एबीएस होते, पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, कललेल्या गाडीचे सरकणे थांबवीलच असे नाही. वेग चाळीसच्या आत होता. जॅकेटचे कोपर फाटले, आतले कोपर शाबूत राहिले. हातमोजे दमटपणामुळे नकोसे होऊन त्या दिवशी डिकीत... म्हणजे डिकी नसल्यामुळे घरीच ठेवले होते आणि उजव्या तळहाताला सहा टाके पडले. उकाड्यासाठी जाळीचे जॅकेट आणि हातमोजे मिळतात, ते घ्यावेत. हेल्मेट आयएसआय खुणेचे असावेच, शिवाय ते घालून दुकानात पंधरा मिनिटे बसावे. गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये.

गुहागर

धोपावे-दाभोळ जंगलजेटीवर (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीवर) चढताना लोखंडी फळी ओली असते. पहिल्या गिअरमध्ये सरळ चढावे, फळीवर ब्रेक लावू नये. आत गाडी स्टँडवर लावून गिअरमध्येच ठेवावी आणि खाडी ओलांडेपर्यंत तिच्याजवळून हलू नये.

मालवण

आमच्याकडे गाडी आधी देवळात जाते. गावकऱ्याने गाऱ्हाणे घातले, 'रस्त्यार खंय काय वायट-वंगाळ आडवा इला, तर ता दूर कर रे म्हाराजा', आणि सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले. चाकाखाली लिंबू ठेवले होते. ते चिरडून पुढे जाताना माझा क्लच इतक्या झटक्याने सुटला की गाडी बंद पडली आणि 'होय म्हाराजा' म्हणणारेच खदखदून हसले. त्या संध्याकाळपासून आठवडाभर मी शाळेच्या मैदानावर फक्त क्लच सोडणे आणि सरळ रेषेत जोरात ब्रेक लावणे, एवढेच केले.

रत्नागिरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. विम्याचा कागद काढून वाचला. इंजिनाचे कव्हर नव्हते, ते वाढवून घेतले. बेड्याबाहेरचे काँक्रीट वाळले आहे. आईने तिथे रांगोळी काढायला जागा झाली म्हणून समाधान व्यक्त केले आणि जुनी गादी मागितल्यावर मात्र कशासाठी ते विचारले.