मदत हवी आहे: जुन्या फ्रिजचा गॅस कुठे मिळेल?

वेदा_एस
आईचा फ्रिज परवापासून थंड होत नाहीये. मेकॅनिक येऊन गेला. बघितलं न बघितलं आणि म्हणाला, गॅस गेलाय, हा गॅस आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घ्या. आई ऐकायला तयार नाही. बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला फ्रिज आहे, आजवर फक्त एकदा दाराचं रबर बदललंय. जुना गॅस कुठे मिळेल तेवढंच सांगा. नवीन घ्या म्हणून सांगू नका. घाई आहे.

मिरजकर
गाव कुठलं? कोणत्या सालचा? कॉम्प्रेसर चालू होतो का? आत दिवा लागतो का? नुसतं थंड होत नाही म्हटल्यावर काय सांगणार?

नानाकाका
अजिबात विकू नका. आमच्या माजघरातला पंखा १९७४ चा आहे. वर्षातून एकदा तेल, बाकी हात लावावा लागत नाही. मुलाने हौसेने आणलेला रिमोटचा पंखा तिसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला, म्हणे सर्किट गेलं. पूर्वी माल घडवायचे, आता नुसता खपवतात.

ऋतुजा_के
नानाकाका, टिकला तो पंखा तुमच्या डोळ्यासमोर आहे. त्याच साली घेतलेले जे आठ-दहा वर्षांत भंगारात गेले, ते कुणाला आठवतात? आणि किंमत बघा ना. आमच्या आजोबांना फ्रिजसाठी चार महिन्यांचा पगार लागला होता. तेवढे पैसे आज मोजले तर आजही दणकट वस्तू मिळेल.
वेदा, आमचा जुना फ्रिज मी मीटर लावून मोजला होता. दिवसाला पावणेदोन युनिट, म्हणजे वर्षाला सहाशेच्या वर. नव्याच्या स्टार लेबलवर वर्षाला १८० च्या आसपास आहे. भावना समजते, पण बिल कोण भरतं?

नानाकाका
आणि तो नवा बिघडला की? जुन्याची उष्णता बाहेर टाकणारी जाळी मागे उघडी असते, नळी फुटली तर दिसते, डाग देता येतो. आता बऱ्याच मॉडेलांत ती नळी बाजूच्या पत्र्याआड फोममध्ये गाडलेली. तिथे गळती झाली तर कोण उकरणार? वाचवलेली वीज सगळी तिथेच जाते.

वेदा_एस
विजेचं बिल मी विचारलेलं नाही. सांगली. १९८९. १६५ लिटर. कंपनीचा बिल्ला कधीच पडून गेला. दिवा लागतो. आईचं इन्सुलिन असतं त्यात, म्हणून घाई आहे. सध्या शेजारी ठेवलंय.

मिरजकर
अहो, हे आधी सांगायचं!

शलाका
न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. शेजारच्यांना सांगा, फ्रीझरच्या खणात किंवा त्याला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलं तर ते टाकूनच द्यायचं, वितळल्यावर ठीक दिसलं तरी. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन चारेक आठवडे बाहेर चालतं, पण सांगलीच्या उन्हाळ्यात घर तापत असेल तर नको. पाकिटातल्या कागदावर दिवस आणि तापमान दोन्ही असतं, ते वाचा आणि डॉक्टरांनाही एक फोन करा.

प्रसन्न_ठाणे
गॅसचं एवढं काय? आमच्या मेकॅनिकने जुन्या फ्रिजमध्ये सरळ हायड्रोकार्बन भरला. तेल बदलायला नको, काही नको. चार वर्षं झाली, बर्फ दगडासारखा होतो.

दत्ता_रेफ्रिजरेशन
प्रसन्न, असं सर्रास सांगू नका. तो गॅस पेट घेतो. नवे फ्रिज त्याच गॅसवर चालतात, पण त्यांची बटणं, थर्मोस्टॅट, रिले ठिणगी बाहेर पडणार नाही अशा बेताने केलेली असतात. १९८९ च्या फ्रिजमध्ये दार उघडलं की दिव्याचं बटण आतच टिचकतं. आत गळती झाली तर?
ताई, तुमच्यात आर-१२ गॅस असणार. ओझोनच्या थराला छिद्र पाडणारा म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात तो कमी करायचं ठरलं, पुढे पूर्ण बंद करायचं, आपल्याकडे २०१० पर्यंत गेलाच. आर-१३४ए भरता येतो, पण त्याला जुनं खनिज तेल चालत नाही, कॉम्प्रेसरचं तेल बदलून ड्रायरही (नळीतला ओलावा शोषणारा भाग) नवा लागतो.
पण आधी गॅस गेलाय हे ठरवलं कुणी? बावीस वर्षं हेच काम केलंय म्हणून विचारतो. गॅस गेला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, दिवसभर घरघरत राहतो आणि फ्रीझर कोरडा पडतो. आईंना मागे कान लावून दहा मिनिटं ऐकायला सांगा.

समीर_पाटील
केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, डिसेंबर २०२२ पासून. सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यायची असते. नवीन घेताना आधी तिथे बघावं.

वेदा_एस
समीर, धन्यवाद, पण नवीन घेत नाहीये.
दत्ताभाऊ, फोन चालू ठेवून आईला मागे उभं केलं. मलाही ऐकू आलं. घुं... असं पाच-सहा सेकंद, मग टक्, मग तीन-चार मिनिटं शांत. पुन्हा घुं, पुन्हा टक्. जाळी गारच आहे.

दत्ता_रेफ्रिजरेशन
मग कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीये. त्यात गॅस आहे की नाही हे कोणालाच कळणार नाही! टक् म्हणजे ओव्हरलोड, जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच, तुटतो. फ्रिज लगेच बंद करा, असाच ठेवला तर कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जळेल. आधी स्टॅबिलायझरमधून किती व्होल्ट येतात ते बघा. ते ठीक असेल तर नव्वद टक्के रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच. कॉम्प्रेसरच्या बाजूच्या काळ्या झाकणाखाली असतो. स्वतः उघडू नका, वाइंडिंगही मीटरने मोजून घ्यायला हवं.

मिरजकर
जुना रिले गणपती पेठेत मिळून जाईल. उद्या दुपारी सांगलीत येतोय. आमचा नेहमीचा मेकॅनिक सोबत आणू का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

ऋतुजा_के
रिले बदलला तरी वीज तेवढीच खाणार, हे माझं म्हणणं कायम आहे.

वेदा_एस
मिरजकरदादा येऊन गेले. रिलेचे आतले दोन्ही पॉइंट काळे ठिक्कर पडले होते, एकाला तर खड्डाच. वाइंडिंग शाबूत. साडेतीनशे रुपये झाले. काल संध्याकाळी जाळी कोमट लागली तेव्हा आई रडली. सकाळी ट्रेमध्ये बर्फ होता. इन्सुलिन मात्र थर्मामीटर ठेवून दोन दिवस तपासल्यावरच परत आणणार. ऋतुजा, मीटर कुठला लावला होता ते सांग, एकदा मोजून बघते.

शलाका
थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवा, दाराच्या कप्प्यात नको. तिथे पारा सारखा वरखाली होतो.

किशोर_जयसिंगपूर
मिरजकर, त्या मेकॅनिकचा नंबर मलाही व्यनि करा. आमच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरत नाही.

दत्ता_रेफ्रिजरेशन
किशोरभाऊ, मशीन सेमी की फुल्ली? झाकण लावल्यावर आवाज येतो का?