इंदूरच्या लोकमान्यनगर स्टेशनजवळ मल्टी (बहुमजली इमारत) नको म्हणणारे स्वार्थी आहेत का?

लोकमान्यनगरकर
परवा इथे कुणीतरी लिहिलं की लोकमान्यनगर, राजेंद्रनगर स्टेशनांभोवतीचे बंगले पाडून मल्ट्या बांधायला एफएआर (प्लॉटवर किती बांधकाम चालेल ते प्रमाण) वाढवून द्या, आणि विरोध करणारे म्हातारे ‘आंब्याच्या सावलीत बसून शहर अडवताहेत’. दोन रात्री ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मी त्याच आंब्याखाली राहतो. झाड वडिलांनी लावलं. प्लॉटचे हप्ते फिटेपर्यंत त्यांनी दिवाळीला स्वतःसाठी कपडे घेतले नाहीत.

पण मुद्दा झाडाचा नाही. आमच्या गल्लीत एका प्लॉटवर चार मजली मल्टी झाली. नकाशात पार्किंग होतं तिथे दुकानं निघाली, गाड्या रस्त्यावर आल्या. गेल्या पावसाळ्यात ड्रेनेजचं पाणी आमच्या देवघराच्या उंबऱ्याला लागलं. पाइप जुनाच, घरं आठ. बिल्डर फोन उचलत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय टीओडी (स्टेशनांभोवती वस्ती वाढवायच्या) धोरणात स्टेशनपासून ५०० ते ८०० मीटरचा पट्टा दाट करा म्हटलंय, तसं पायी चालायची वाट आणि सायकलीचंही म्हटलंय. ते कुणी मागत नाही. सगळ्यांना मजले हवेत.

राऊवाली
काका, ते मी लिहिलं नव्हतं, पण मला पटलं होतं. तीन वर्षांत चार घरं बदलली. एका बंगल्यात वरची खोली मिळाली, तर रात्री आठनंतर फाटकाला कुलूप. आता शहराबाहेर राऊच्या पुढे राहते, शहराच्या मध्यात राजवाड्याजवळ नोकरी, स्कूटरवर पाठ मोडते. स्टेशनजवळ परवडणारी वन बीएचके असती तर डेमू लोकलने आले असते. तुमच्या रहिवासी संघाच्या मीटिंगला भाडेकरूला कधी बोलावलंत?

सुदामानगर
डेमू आहेत किती, ताई? मोजक्या. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर, शहराच्या कडेच्या त्या रुंद रस्त्यावर, सहा किलोमीटर मेट्रो सुरू झाली आणि दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट पडलेत. वस्ती दाट करायचीच तर तिथे करा.

राऊवाली
तिथे मी राहीन, पण माझं ऑफिस तिथे येणार नाही.

छावणीकर
अहो, पाण्याचं कुणी बोलणार आहे का? नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्य चढून येतं. ते इंदूरला आणा म्हणून झालेल्या १९७० च्या आंदोलनात आई मोर्च्यात होती, मी तिच्या कडेवर. १९७८ मध्ये पाणी आलं तेव्हा तिने पहिल्या हंड्याला हळदकुंकू वाहिलं. आज माझ्याकडे एक दिवसाआड नळ येतो आणि शेजारच्या मल्टीत टँकर रिकामा होतो. त्यांची बोरिंग लागल्यापासून आमची आटली.

राऊवाली
मावशी, ते आंदोलन पुढे येणाऱ्यांसाठीही होतं ना? आणि पाणी फक्त मल्टीवाले ओढतात? बंगल्याबंगल्यात नळाला मोटर लावलेली असते. मी भाड्याने राहिले त्या घरात होती. मालक पहाटे स्वतः चालू करायचे, आमच्या नळाला थेंब नाही.

छावणीकर
माझ्याकडे मोटर नाही. ये आणि बघून जा. सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाही.

सुदामानगर
आमच्याकडे आहे. शेजाऱ्याने लावली म्हणून लावली. नाहीतर तिसऱ्या घरापर्यंत पाणीच पोचत नाही. पार्षदांना (नगरसेवकांना) चार वेळा लिहून दिलंय.

राऊवाली
म्हणजे चोरी बंगल्यांची आणि नाव मल्टीचं!

लोकमान्यनगरकर
चोर म्हणू नकोस. या वयात ते ऐकून घेणार नाही.

राऊवाली
तो शब्द मागे घेते. बाकीचं नाही.

लोकमान्यनगरकर
मोटर आमच्याकडेही आहे. लिहायला जड गेलं, पण आहे.

मग मीही सांगतो. मुख्य रस्त्यालगतच्या प्लॉटांवर मजले वाढवा, मी आडवा येणार नाही. गल्लीच्या आत नको. खालचं पार्किंग पार्किंगच राहिलं पाहिजे, आणि ड्रेनेजची नवी लाइन पडल्याशिवाय एकही नकाशा पास होता कामा नये. आमच्या पुढच्या मीटिंगला तूही ये. सभासद नसलीस तरी बोल.

छावणीकर
आणि पाणी? परत राहिलंच.

राऊवाली
मीटिंगला येते, काका. लाइन आधी, हे मान्य. मावशींचं पाणी आधी, तेही मान्य. पण आधी म्हणजे किती वर्षं? आंदोलनानंतर नळ यायला आठ वर्षं लागली, तोवर तुम्ही आपापल्या घरात होतात. माझा भाडेकरार अकरा महिन्यांचा आहे आणि त्यातले सात संपलेत.