बाटल्यांच्या भिंतींची घरं बघायची तर कधी आणि काय?

झोळीवाला: काचेच्या बाटल्यांची घरं-देवळं बघायचा बेत आहे. फोटोत भिंती झळाळतात, पण बघून आलेले म्हणतात, 'आत नुसता अंधार.' वेळ चुकते की जागा?

उन्हाळे: वेळ. बाटली भिंतीत आडवी असते, म्हणजे ती एक नळीच झाली. ऊन जवळपास सरळ रेषेत शिरलं तरच आत पोचतं. भर दुपारी सूर्य डोक्यावर, त्यामुळे बाहेरून चकाकी आणि आतून मरगळ. सकाळी पूर्वेची, संध्याकाळी पश्चिमेची भिंत आतून बघा, डोळे सरावेपर्यंत थांबा. मोबाईलवर सगळ्यात उजळ बाटलीवर बोट टेकवून उजेड खाली ओढा, नाहीतर रंग पांढरे पडतात. फ्लॅश बंद.

भटकभवानी: जागाही बघून निवडा. थायलंडच्या सिसाकेत प्रांतातलं वाट पा महा चेदी काएव हे बौद्ध मंदिर सगळ्यात भव्य. सुमारे १५ लाख बाटल्या, मुख्यतः हिरव्या हायनेकेन आणि तपकिरी चांग बिअरच्या. बुचांच्या नक्षीकडे जवळून बघा, अनेकजण ती रंगवलेली समजून पुढे जातात. नांदता विहार आहे, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर केप एग्मॉन्टला एदुआर आर्सेनो यांनी १९८० पासून तीन इमारती उभारल्या. त्या फक्त उन्हाळी हंगामात उघड्या असतात. अमेरिकेत नेवाडातल्या ऱ्हायोलाइटचं १९०६ चं घर मात्र ओसाड गावात आहे. तिथे पाणी सोबत हवंच, आणि उन्हाळ्यात दुपारी जाऊच नका.

चुनखडी: भिंतीत बाटल्यांपेक्षा मसाला, म्हणजे त्यांना जोडणारं सिमेंट-वाळूचं मिश्रण, बघा, खरी कारागिरी तिथे. वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, काच थेंबभरही पीत नाही. त्यामुळे मसाला उशिरा आवळतो. घाईने एका दिवसात बरेच थर चढवले की खालच्या रांगा बसतात. कुठे ओळ पोटात गेल्यासारखी दिसली तर हेच झालेलं असतं. दोन बाटल्या एकमेकींना टेकल्या असतील तिथून तडा निघतो, कारण मधे दाब झेलायला मसालाच नाही. छताचा भार बहुधा खांबांवर असतो, तेही तपासा.

झोळीवाला: काही बाटल्या आतून धुरकट का दिसतात?

चुनखडी: दोन कारणं. तोंड उघडं राहिलं तर ओल आणि कोळी शिरतात, शेवाळ धरतं. दुसरं, दोन बाटल्यांच्या माना कापून टाकून, उरलेल्या बुडांची कापलेली टोकं टेपने जोडून 'वीट' करतात. तेव्हा ती पूर्ण कोरडी नसली तर अडकलेलं पाणी कायम धुकं होऊन राहतं. बाहेरून पुसून जात नाही, तेव्हा फडकं घेऊन बसू नका.

उन्हाळे: जांभळटपणा दिसला तर तो मळ नव्हे. जुन्या पांढऱ्या काचेत मँगनीज घालत, त्यावर वर्षानुवर्षं ऊन पडलं की जांभळी छटा चढते.