मदत हवी आहे : कादंबरीतील तपशिलांची नोंद कशी ठेवावी?

नोकरी सांभाळून रोज पहाटे दीड तास मी पहिली कादंबरी वहीत हातानेच लिहितो, कारण संगणकावर मला संवाद सुचत नाहीत. अकरा प्रकरणे झाली आहेत. परंतु तिसऱ्या प्रकरणात डावखुरी असलेली आत्या नवव्यात उजव्या हाताने पत्र लिहिते, असे घोटाळे आता वारंवार सापडतात. रेखाटनाचा छंद असल्याने घराचा नकाशा काढून भिंतीवर लावला, त्याने खोल्यांचा गोंधळ मिटला (हा उपाय खरोखर उपयोगी आहे). पात्रांसाठी एक्सेलमध्ये तक्ताही केला, पण तो भरण्यातच निम्मी पहाट जाते. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत थांबावे, की प्रत्येक प्रकरणानंतर लगेच नोंदी कराव्यात, आणि केल्यास किमान कोणत्या?