व्हीपीएनसाठी रेडियस सर्व्हर: एनपीएस, फ्रीरेडियस की राउटरमधलाच?

उद्यमबाग_सिस्टिम
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत मशीनशॉप आहे, शिनोळी एमआयडीसीत दुसरं युनिट. मिळून ४५ लोकांना व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीनं, बाहेरून आत यावं लागतं, टॅली आणि ड्रॉइंगच्या फोल्डरसाठी. दोन्हीकडे मायक्रोटिकचे राउटर, त्यांवर राउटरओएस ७, व्हीपीएन एल२टीपी पद्धतीचा आणि वर आयपीसेकचं कूटबद्ध आवरण. नावं-पासवर्ड दोन्ही राउटरवर हातानं भरलेत, त्यामुळं माणूस सोडून गेला की दोन ठिकाणी काढावं लागतं. उद्यमबागेत विंडोज सर्व्हर २०१९ वर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या सगळ्यांची खाती एका जागी) आहे, पण शिनोळीचे निम्मे लोक डोमेनमध्ये नाहीत. पुढं ओटीपीही लावायचाय. म्हणून नावं-पासवर्ड एकाच जागी तपासणारा रेडियस सर्व्हर लावायचाय, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

टिळकवाडी_नेटवर्क
सॉफ्टवेअरचं नाव शेवटी ठरवा. आधी बघा, पासवर्ड कुठल्या रूपात साठवलाय आणि व्हीपीएन तो कुठल्या पद्धतीनं विचारतो. तुमचं एल२टीपी बहुतेक एमएस-चॅप-व्ही२ वर असणार, म्हणजे पासवर्ड न पाठवता तो माहीत असल्याचं सिद्ध करणारी पद्धत. त्याला सर्व्हरकडं एक तर मूळ पासवर्ड लागतो, नाहीतर एनटी हॅश (विंडोज पासवर्डापासून बनवून ठेवतो तो ठसा). लिनक्सच्या एलडॅपमध्ये (खात्यांची यादी) एसएचए किंवा बीक्रिप्ट अशा दुसऱ्या पद्धतीचा हॅश ठेवला असेल तर जगातला कुठलाच रेडियस सर्व्हर तो जुळवू शकत नाही. लोक इथंच अडकतात आणि सॉफ्टवेअर बदलत बसतात.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एनटी हॅश असतोच, म्हणून तुमच्यासाठी एनपीएस (मायक्रोसॉफ्टचा रेडियस सर्व्हर) सरळ आहे. तो विंडोज सर्व्हरमधलाच रोल, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. शिनोळीचे लोक डोमेनमध्ये घेतले की त्यांची क्लायंट ॲक्सेस लायसन्सं (सर्व्हर वापरायचे परवाने) मात्र मोजा.

रोल घातला की सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत रजिस्टर करा, दोन्ही राउटर रेडियस क्लायंट म्हणून घाला (प्रत्येकाला वेगळं, किमान २२ अक्षरांचं सीक्रेट, म्हणजे राउटर आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द), आणि नेटवर्क पॉलिसीत फक्त व्हीपीएनचा ग्रुप ठेवा. २०१९ मध्ये एक खोड आहे. फायरवॉलचा नियम चालू दिसतो, तरी १८१२ या रेडियसच्या पोर्टवर आलेलं पॅकेट आत पोचत नाही आणि एनपीएसच्या लॉगमध्ये काहीच उमटत नाही. ॲडमिन प्रॉम्प्टवर 'एससी सिडटाइप आयएएस अनरिस्ट्रिक्टेड' चालवा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा.

खानापूर_लिनक्स
एनपीएसला माझा विरोध नाही. पण निम्मे लोक डोमेनबाहेरच राहणार असतील तर फ्रीरेडियस घ्या, लिनक्सवर चालणारा मुक्त रेडियस सर्व्हर. एकाच सर्व्हरवर डोमेनवाल्यांसाठी विनबाइंड (लिनक्सला डोमेनशी जोडणारा) आणि बाकीच्यांसाठी मारियाडीबी डेटाबेस, दोन्ही चालतं. त्यात तीन जागा सांभाळा.

विनबाइंडच्या सॉकेटला (त्याच्याशी बोलायची जागा) हात लावता यावा म्हणून डेबियन लिनक्सवर 'फ्रीरॅड' युजर 'विनबाइंडडी_प्रिव्ह' ग्रुपमध्ये पाहिजे. नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही रिजेक्ट येतो.

सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं फ्रीरेडियससोबत येणाऱ्या मेकफाइलनं (ती बनवणारी स्क्रिप्ट) बनवली तर मुदत ६० दिवसांचीच मिळते, आधी मुदतीची ओळ वाढवा. नाहीतर दोन महिन्यांनी सगळ्यांचं एकदमच बंद.

आणि काही अडलं की सर्व्हिस थांबवून 'फ्रीरेडियस -एक्स' लावा. रिजेक्ट कुठल्या मॉड्यूलनं दिला ते तिथं ओळीनं दिसतं. अंदाजानं कॉन्फिग बदलू नका.

आता आपल्या भागातली गोष्ट. पावसाळ्यात खानापूरकडं वीज गेली की अख्खा राउटर बसतो आणि अकाउंटिंगचं स्टॉप पॅकेट, म्हणजे 'हा माणूस बाहेर पडला' ही नोंद, जातच नाही. डेटाबेसमध्ये सेशन उघडंच राहतं. 'एका वेळी एकच लॉगिन' लावलं असेल तर वीज आल्यावर तोच माणूस 'आधीच जोडलेला' म्हणून नाकारला जातो. इंटरिम अपडेट ('अजून जोडलेलाय' असा राउटरचा निरोप) १० मिनिटांवर ठेवा आणि अर्धा तास अपडेट न आलेली सेशनं बंद करणारी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. राउटरला यूपीएस द्या, हे सांगायला नको.

उद्यमबाग_सिस्टिम
शिनोळीचे लोक डोमेनमध्ये घेता येतील, मालक तयार आहेत. मग एनपीएसच घेतो. पण ओटीपीचं काय? पासवर्डाच्या मागं सहा आकडे जोडून टाकता येतील का?

निपाणी_सुरक्षा
एमएस-चॅपवर नाही. पासवर्ड आणि आकडे वेगळे करायला सर्व्हरच्या हाती मूळ मजकूर लागतो आणि चॅपमध्ये तो येतच नाही. त्यासाठी पासवर्ड जसाच्या तसा पाठवणारा पॅप लागतो. एल२टीपीत तो आयपीसेकच्या आत जातो हे ठीक, पण राउटरपासून रेडियसपर्यंत त्याला एमडी५ या जुन्या हॅशचं पातळ आवरण असतं. त्यामुळं शिनोळीचं रेडियस ट्रॅफिक उघड्या इंटरनेटवरून नेऊच नका, दोन युनिटांमधल्या आयपीसेक टनेलमधून न्या. २०२४ च्या जुलैमध्ये ब्लास्ट-रेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली, त्यात जोडणीच्या मध्ये बसलेला हल्लेखोर रिजेक्टचं ॲक्सेप्ट करू शकतो. सर्व्हर आणि राउटर दोन्ही अपडेट करून मेसेज-ऑथेंटिकेटर (पॅकेटमध्ये फेरफार झालाय का ते दाखवणारी सही) सक्तीचा करा.

मायक्रोटिकवर रेडियसच्या उत्तराची वाट बघायची मूळ मुदत ३०० मिलिसेकंद असते. फोनवर मंजुरी मागणारा ओटीपी तेवढ्यात येणार कसा? ती पुरेशी वाढवा.

सगळ्यात महत्त्वाचं: मायक्रोटिक पीपीपीमध्ये (एल२टीपीचं लॉगिन यातच होतं) आधी स्वतःची यादी बघतो, नाव तिथं नसेल तरच रेडियसला विचारतो. जुनी नावं राउटरवर राहिली तर डोमेनमध्ये बंद केलेला माणूस खुशाल आत येत राहील. चाचणी झाली की यादी रिकामी करा, टनेल तुटला तर हाताशी असावं म्हणून एखादंच ॲडमिनचं नाव ठेवा.

सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवावी लागतात. वेळ सरकली की ३० सेकंदांचा ओटीपीही चुकतो, म्हणजे हे काम दोन्हीसाठी एकदाच होतं.

टिळकवाडी_नेटवर्क
मी तर म्हणेन, ओटीपीच्या आधी आयकेईव्ही२ (एल२टीपीऐवजी वापरायची व्हीपीएनची पद्धत) आणि प्रत्येक लॅपटॉपला प्रमाणपत्र, म्हणजे पासवर्डाऐवजी प्रमाणपत्रावर चालणारं ईएपी-टीएलएस बघा. विंडोजमध्ये क्लायंट आहेच, मायक्रोटिक 'ईएपी-रेडियस' लावून सगळं एनपीएसकडं ढकलतो. टनेलमध्ये मोठी पॅकेटं तुकडे होऊन गळतात आणि लॉगिन मध्येच लटकतं. तसं झालं तर एनपीएसच्या पॉलिसीत फ्रेम्ड-एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १३४४ करा.

माणूस सोडून गेला तर डोमेनमधलं खातं बंद केलं की पुरतं, कारण एनपीएस प्रमाणपत्र खात्याशी जोडून बघतो. तरी सीआरएल (रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादी) वेळेवर प्रसिद्ध होतेय ना ते बघत चला, तिची मुदत संपली की एनपीएस चांगली प्रमाणपत्रंही नाकारतो.