गंगापूर रोडचा फर्निश्ड फ्लॅट
नाशिकमध्ये चार दिवसांसाठी हॉटेल की फर्निश्ड फ्लॅट, असं तुम्ही विचारलंय. सोबत आई-बाबा आहेत म्हणताय, तर फ्लॅटच घ्या, आणि तोही गंगापूर रोडला. कॉलेज रोडला खाण्यापिण्याची चंगळ आहे, पण संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळेल तर शपथ! गंगापूर रोडहून सोमेश्वर धबधबा जवळ, त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर.

आगाऊ पैसे भरण्याआधी मालकाला विचारा, सोसायटीला असे पाहुणे चालतात ना? गेल्या डिसेंबरात वॉचमनने आम्हाला अर्धा तास गेटवर ताटकळत ठेवलं; मालकाने आमची नावंच कळवली नव्हती. आत सोफा, एसी, टीव्ही सगळं झकास. चहा ठेवायला गेलो तर सिलिंडर रिकामा! (फोटोत तो कुठे दिसतो म्हणा.) २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात यायचं असेल तर मात्र आत्तापासूनच बघायला लागा.